डॉ. ग्रॅहम, सुरी आवरलीत त्याबद्दल

डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांना सप्रेम नमस्कार.

१९३३ साली सेंट लुईसला तुम्ही कर्करोगाचं अख्खं डावं फुप्फुस एकाच वेळी काढलंत आणि पेशंट पुढे जवळपास तीस वर्षं जगला, हे छातीच्या सर्जरीत सगळ्यांना पाठ असतं. आमचे आभार मात्र १९१८ चे आहेत.

तेव्हा अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू होऊन जवान मरत होते. शंभरातले सरासरी तीस. काही छावण्यांत त्याहून कितीतरी जास्त. पू सापडला की फासळीचा तुकडा काढून छाती उघडी करायची, हा रिवाज. माणूस दगावला की खापर जंतूंवर! आपणच पाडलेल्या भोकाकडे बघायला फारसं कुणी तयार नव्हतं.

तुम्ही आणि तुमचे सहकारी डॉ. बेल यांनी ते बघितलंत. दोन फुप्फुसांमधला पडदा पक्की भिंत नव्हे, तो सरकतो. एका बाजूला मोठं भोक पडलं की दाब दोन्हीकडे बिघडतो, चांगलं फुप्फुसही दबतं. स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या आजारात सुरुवातीला छातीत साठणारं पाणी पातळ असतं, फुप्फुस छातीला चिकटलेलं नसतं आणि न्यूमोनियाही चालूच असतो. नेमकी तेव्हाच छाती उघडली जायची.

तुम्ही सांगितलंत, आधी ते पाणी सुईने ओढून काढा. पुन्हा भरलं तर पुन्हा ओढा. पू दाट झाला, फुप्फुस छातीला चिकटलं, मगच मोठा मार्ग करा. पोकळी लवकर निर्जंतुक करून बुजवा, आणि पेशंटला नीट खाऊ घाला. मृत्यू ५ टक्क्यांच्या आसपास आले.

यातलं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एवढंसंच: सिरिंजमध्ये आलेलं पाणी अजून पातळ आहे हे बघून सुरी खाली ठेवणं. थांबलेल्या सर्जनची वाहवा कोण करतो? आज हाताशी अँटिबायोटिक आहेत, तरी पू काढायला छातीत घातलेल्या नळीचं बाहेरचं टोक बाटलीत २ सेंटिमीटर पाण्याखाली बुडवतो ते बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणूनच. (बाटली उचलून कॉटवर ठेवणारे अजूनही भेटतात. पाणी उलटं छातीत जातं, हे रोज सांगावं लागतं.)

आणि १९५०. वाइंडर या विद्यार्थ्याबरोबर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६८४ पेशंटांचा हिशोब मांडून सिगारेटवर बोट ठेवलंत, तेही स्वतः वर्षानुवर्षं ओढत असताना. आकडे आपल्याच सवयीच्या विरोधात गेले तरी लपवले नाहीत, यासाठी वेगळा नमस्कार. सिगारेट तुम्ही पुढे सोडलीत, पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेलात.