'अदखलपात्र' म्हणजे काय, हे नववीत शिकवा

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

एकोणीस वर्षे मी तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करते आहे. मागच्या दिवाळीनंतर एक शेतमजूर बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. बांधाच्या भांडणात दिराने काठी घातली, डाव्या हाताचे बोट मोडले. त्याच रात्री त्या ठाण्यावर गेल्या, तक्रार दिली, हातात एक कागद मिळाला. तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून अकरा महिने जपला. "केस केलीय, तारीख निघायची आहे अजून," असे त्या सगळ्यांना सांगत होत्या.

तो एनसीचा कागद होता, अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. तारीख निघणार कुठून? खरे तर हाड मोडले की कायद्याने ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे घेऊन त्यांनी पुन्हा ठाण्यावर जायचे होते. ठाण्याने दाद दिली नसती, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे, ही वाटही कायद्यात आहे. त्यांना ती कोणी सांगितली नाही.

मुलगी नववीत. तिने तो कागद मला खणखणीत आवाजात वाचून दाखवला. 'अदखलपात्र' हा शब्दही कुठे न अडखळता. मी अर्थ विचारला, तेव्हा तिने आईकडे पाहिले आणि आईने माझ्याकडे.

त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

आठवीच्या पाठ्यपुस्तकातला 'भारतातील न्यायव्यवस्था' हा पाठ मी मुद्दाम मिळवून वाचला. सर्वोच्च न्यायालयापासून खालच्या न्यायालयांपर्यंतची उतरंड त्यात आहे. पण आमच्या मुलांची न्यायव्यवस्थेशी पहिली गाठ सर्वोच्च न्यायालयात पडत नाही. ती ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पडते, बहुतेक वेळा रात्री, आणि घरातले सगळे घाबरलेले असताना. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी फिर्याद घ्यावीच लागते, अटकेचे कारण सांगावेच लागते, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. हे सगळे तेव्हा कोण सांगणार?

एमसीआरचेच, म्हणजे न्यायालयीन कोठडीचेच पाहा. न्यायालयाने पोलीस कोठडी संपवून न्यायालयीन कोठडी दिली, की आरोपीची आई व्हरांड्यात हंबरडा फोडते: पोराला जेल झाली! मला तिला धरून बसवावे लागते. बाई, शिक्षा झालेली नाही, आता आपण जामीन मागू शकतो. या भीतीवर जगणारी माणसे न्यायालयाबाहेर उभीच असतात. कोठडीतल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. तरी त्यासाठी शेळ्या विकून आलेली माणसे मी पाहिली आहेत.

जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणायचा? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भाऊ जामीनदार चालत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले. आज बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापुरात अडकला, तर त्याच्या घरच्यांना हा निकाल माहीत असतो का? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही असे.

त्यात १ जुलै २०२४ पासून कायदेच नवे आले. लोकांच्या तोंडी बसलेले खुनाचे कलम तीनशे दोन आता एकशे तीन झाले. तेवढी एक ओळख होती, तीही गेली.

पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नवी होत आहेत, म्हणून आत्ताच मागते. नववीत दहा-बारा तासिकांचा एक भाग द्या. एकच घटना घ्या, शेताच्या बांधावरचे भांडणच घ्या, आणि फिर्याद, पंचनामा, अटक, कोठडी, जामीन, दोषारोपपत्र, साक्षी, निकाल अशी ती शेवटपर्यंत न्या. एनसी आणि एफआयआर यांचे नमुने शेजारी शेजारी छापा. ती घटना एकदा फिर्यादीच्या बाजूने सांगा, एकदा आरोपीच्या. दोघांनाही हक्क आहेत, हे मोठ्या माणसांना पटवताना मी थकते; चौदा वर्षांच्या मुलांना ते लवकर कळेल. यावर परीक्षेत प्रश्न ठेवा, नाहीतर हा भाग वर्गात उघडलाच जाणार नाही, हे आपणही जाणता. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक मलपृष्ठावर छापा. आणि वर्षातून एकदा मुलांना तालुक्याच्या न्यायालयात आणा. न्यायालयाचे दार सर्वांना उघडे असते, हे कायद्यातच लिहिले आहे.

हे विधी महाविद्यालयात शिकवतात, असे उत्तर कृपया देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची शाळा दहावीच्या आसपास सुटलेली असते.

त्या बाईंचा अर्ज आम्ही दंडाधिकाऱ्यांपुढे दिला आहे. मुलगी प्रत्येक तारखेला सोबत येते, मागच्या बाकावर बसते आणि ऐकलेले नवे शब्द वहीत उतरवून घेते. नंतर त्यांचे अर्थ मला विचारते. आपल्या विभागाने असा पाठ लिहायला घेतला, तर ती वही मी तिच्या परवानगीने पाठवीन.

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील