हिंदी पिक्चरमधली पोरं मधल्या वर्षांत जातात कुठे?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हिंदी पिक्चरवर पानभर लिहून येतं, मी ते न चुकता वाचते, पण एक गोष्ट त्यात कधी कोणी विचारलेली दिसली नाही म्हणून हे पत्र. हिंदी सिनेमात लहान पोर असतं आणि मग डायरेक्ट हिरो असतो, मधलं कोणी नाहीच! 'आवारा'त (१९५१) छोटा शशी कपूर दिसतो आणि पुढे एकदम राज कपूर, 'दीवार'मध्ये (१९७५) बाप चोर आहे असं पोराच्या हातावर गोंदतात आणि मग बघावं तर अमिताभ. ती मधली सगळी वर्षं एका कटमध्ये उडवली.

मी सिंधुदुर्गात हायस्कूलला शिकवते, नेमकी हीच वर्षं रोज माझ्यासमोर बाकावर बसलेली असतात. आमच्याकडे कितीतरी पोरांचे बाबा मुंबईला, गणपतीला येतात तेव्हा पोराचा आवाज फुटलेला असतो, मिसरूड आलेलं असतं, आणि बापलेकाला चार दिवस काय बोलावं तेच कळत नाही, मग बोलायला लागतात तोवर विसर्जन होतं नि चाकरमानी परतीच्या गाडीत. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून मिळालेले पैसे आईच्या हातात देणारा आठवीतला मुलगा जूनमध्ये वर्गात येतो तो वेगळाच असतो. यात गोष्ट नाही का? हिंदीवाल्यांना समुद्र दिसला की फक्त गाणं सुचतं.

चांगलं काही नाहीच असं नाही. 'तारे जमीन पर'मुळे (२००७) डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार पोरालाही वाचता-लिहिताना येणारी अडचण, म्हणजे काय असतं हे गावातल्या पालकांना कळलं, हे मोठंच काम झालं. 'उडान' (२०१०) तर मला फार आवडतो. पण पहिल्यातला ईशान आठ-नऊ वर्षांचा, दुसऱ्यातला रोहन सतराचा, मधली पोरं कुठायत? मुलींचं तर विचारूच नका. 'निल बटे सन्नाटा'तली (२०१६) दहावीतली अपेक्षा, धुणीभांडी करणाऱ्या आईवर चिडणारी, आईच वर्गात येऊन बसली म्हणून लाजणारी, तशी खरीखुरी पोरगी हिंदीत मला क्वचितच भेटली.

आणि जमत नाही असंही नाही ना! आपल्या मराठी 'किल्ला'त बाबा गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, मित्रांवर रुसतो, परत त्यांच्यातच जातो, एवढीच गोष्ट, आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये त्याला क्रिस्टल बेअर हा मुलांच्या सिनेमांसाठीचा पुरस्कार मिळाला.

सरकारने १९५५ मध्ये खास मुलांसाठी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी काढली होती, २०२२ मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तिचे पिक्चर पडून राहण्यापेक्षा आमच्या शाळांत दाखवा की! तालुक्याला थेटर नाही पण शाळेत प्रोजेक्टर आहे, पडदा आम्ही बांधू. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती. आणि पुरवणीत एक कोपरा मुलांना द्या, पिक्चर बघून त्यांना काय वाटलं ते त्यांनाच लिहू दे. आमच्या नववीच्या वर्गाची पत्रं मी स्वतः गोळा करून पाठवते.

आपली,
एक शिक्षिका, जि. सिंधुदुर्ग