कानाचे मशीन कपाटात का जाते?

संपादक महोदय,
स. न.

ज्येष्ठांना शिबिरात श्रवणयंत्रे वाटल्याच्या बातम्या फोटोसह छापून येतात. त्यातली कितीतरी यंत्रे महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जाऊन पडतात, ती बातमी मात्र होत नाही. ‘मशीनच भंगार’ म्हणून घरचे मोकळे होतात. दोष बहुधा मशीनचा नसतो.

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा सगळे आवाज सारखे बारीक होत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले जातात. स, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख तिथेच पटते. स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून ते शाबूत राहतात. मग ‘साठ’, ‘काठ’, ‘ताठ’ सगळे ‘आठ’ होऊन कानात शिरतात. भाजीवाला साठ म्हणतो, आजोबा आठ रुपये काढतात, आणि घरात हसे होते. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. ओरडून सांगितले की स्वर तेवढे मोठे होतात, शब्द काही सुटा होत नाही. वर कानाला त्रास होतो तो वेगळाच.

म्हणून ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येते याचा आलेख, काढून कोणत्या पट्टीत किती वाढ द्यायची ते ठरवून मशीन लावावे लागते. रांगेतल्या शंभर जणांना एकाच मापाने लावून दिले तर ताटवाट्यांचा खणखणाट वाढतो, बोलणे आहे तिथेच राहते.

‘बंद पडले’ म्हणून परत आणलेल्या मशीनचे आधी सेल पाहावेत. हे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. सेलवरचा स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटे तसेच ठेवून मगच बसवावेत. घाई केली तर पूर्ण ताकद येत नाही. स्टिकर एकदा निघाला की वापरा अथवा न वापरा, सेल उतरतच जातो. नंबर रंगावरून ओळखता येतो: 10 पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी, 675 निळा. नातवंडांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत. गिळला तर जिवावर बेतू शकते.

सेल नवा असूनही आवाज नसेल तर साच्याचे, म्हणजे कानात बसणाऱ्या भागाचे, भोक मळाने बुजले आहे का बघावे. कानामागच्या मशीनचा साचा नळीसकट सोडवून कोमट साबणपाण्यात धुवावा, रात्रभर वाळू द्यावा. नळीतले पाणी तोंडाने फुंकू नये, श्वासातच दमट हवा असते. रबरी फुंकणी मिळते. मशीनला मात्र पाण्याचा थेंबही नको. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, रात्री सेलचे दार उघडे ठेवून मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावे.

शिट्टी वाजते ती बहुधा साचा सैल झाला म्हणून, नाहीतर कानातच मळ साचला म्हणून. तो काडीने कोरू नये, गरम तेलही ओतू नये. पडद्याला भोक असले तर तेल थेट आत जाते.

एवढे सगळे जमले तरी पहिले काही आठवडे कठीणच. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटतो, पंखासुद्धा गरगरतो. शांत घरात रोज तास-दोन तासांपासून सुरुवात करावी, मग वेळ वाढवावा. घरच्यांनी आधी हाक मारावी, टीव्ही बंद करावा, तीन-चार फुटांवर समोर उजेडात येऊन बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य चारदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. स्वयंपाकघरातून पाठमोरे बोलून ‘मशीन लावलंय ना?’ असे विचारणे हा अन्याय आहे.

एका गोष्टीत थांबू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘दडा बसला असेल’ म्हणत आठवडा घालवू नये, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो.

शिबिर भरवणाऱ्यांना एकच विनंती: मशीन हातात देतानाच कार्डावर महिन्याभरानंतरच्या फेरतपासणीची तारीख लिहावी, आणि त्या दिवशी ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) पुन्हा बोलवावे. फोटो तेव्हा काढला तरी चालेल.

— एक वाचक, रत्नागिरी