पुस्तक निम्दा?

मे महिन्याची सुट्टी म्हणजे खानापूरकडची करवंदं, फणस आणि शाळेच्या कपाटातून घरी आणलेली ‘स्वामी’. यंदा बावीस वर्षांनी तीच सुट्टी शोधत गावी गेलो. कौलं जाऊन पत्रे आलेत, सवंगडी पुण्याला, घरातले सगळे मोबाइलमध्ये. तिसऱ्याच दिवशी कंटाळून परतीची बस धरली (सांगायला लाज वाटते, पण खरं आहे) आणि त्या वैतागात पुस्तक सीटवरच विसरलो.

१९६२ची ती कादंबरी. रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. माधवरावांचं मरण वाचून सातवीत मी दिवसभर जेवलो नव्हतो.

बेळगावच्या स्टँडवर चहा घेतोय, तोच भाजीची बुट्टी घेतलेल्या एक मावशी धापा टाकत आल्या. “पुस्तक निम्दा?” (तुमचं का?) मी नुसती मान हलवली. कन्नडमधून आभार जुळवेपर्यंत त्या हुक्केरीच्या गाडीत चढल्याही. मावशी, खूप खूप आभार.

आणि आभार शाळेतल्या शिपाईमामांचे. “ऱ्हाऊ दे तुझ्याकडं सुट्टीभर,” म्हणत त्यांनी रजिस्टरात न लिहिता हेच पुस्तक दिलं होतं. मामा, अजून परत केलेलं नाही.