बाई, पो-लच्या घोड्यांबद्दल मनापासून आभार

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणूनच असं उघड लिहितोय.

प्राचीन चीनमधला ताओवादी राज्यविचार म्हणजे ‘राजाने काही करायचं नाही’, एवढ्या एका ओळीत आमचा अभ्यासक्रम तो उरकत असे. निवृत्तीनंतरही तुम्ही आम्हा शिक्षकांना घरी बोलावलंत, गरम धिरडी वाढलीत आणि ती ओळ उलगडून दाखवलीत. लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाच्या ५७व्या प्रकरणातला राजा स्वस्थ बसतो, कारण लोक आपणहून घडतात यावर त्याचा भरवसा आहे. आधी माणसाबद्दलचं मत, मग राज्याबद्दलचं, असं तुम्ही पहिल्याच बैठकीत बजावलंत.

च्वांग त्झू या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या ग्रंथातल्या नवव्या प्रकरणातले घोडे मात्र डोक्यातून जातच नाहीत. बर्फ तुडवायला खूर, थंडीवाऱ्याला अंगावर केस. गवत खावं, पाणी प्यावं, उधळावं. मग घोडे तयार करणारा पो-ल येतो. ‘मला घोडे हाताळता येतात’ म्हणतो. केस जाळतो, खूर तासतो, डाग देतो. दहातले दोन-तीन मरतात. पुढे उपासमार, तहान, लगाम, चाबूक. निम्म्याहून जास्त संपतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या कौतुक पो-लचंच! इथे तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, ‘तुमच्या वर्गातले किती?’ तेव्हापासून निकालात मागे पडणाऱ्या मुलापाशी मी जास्त वेळ थांबतो.

इ.स.पू. १६७ची हकिकतही तुमच्याकडूनच ऐकली. छुनयू ई या वैद्यावर अवयव तोडण्याच्या शिक्षेची वेळ आली. त्याच्या मुलीने, थी-यिंगने, चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वेनला अर्ज केला: तोडलेलं पुन्हा जुळत नाही, मग सुधारू पाहणाऱ्याला वाट कुठली? ताओवादी विचाराला मान असलेल्या त्या दरबाराने तसल्या शिक्षा रद्द केल्या. त्यांच्या जागी आलेल्या फटक्यांनीही माणसं मेली, हेही तुम्ही सांगितलंत.

च्वांग त्झूचा भाष्यकार कुओ श्यांग, त्याच्यावर आपलं अजून जुळत नाही. च्वांग त्झूच्या गोष्टीतला महाकाय पक्षी आणि चिमुकला पक्षी, दोघे आपापल्या स्वभावात सारखेच सुखी, असं त्याचं भाष्य. जातीने जागा ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या मला हे सहज गिळवत नाही. ती जागा निसर्गाने दिली की माणसांनी, हे आधी विचारायला हवं. हा वाद तुम्ही मला पोटभर घालू दिलात, मध्ये एकदाही तोडलं नाहीत. सगळ्यात जास्त आभार त्याचेच.

माझं टिपण तयार आहे. दिवाळीनंतर घेऊन येतो.

आपला विद्यार्थी