तुमच्यामुळे नाही

वाकड, पुणे
गुरुवार, रात्री साडेअकरा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण आई फोन स्पीकरवर टाकते, बाबा मागून मुद्दे काढतात आणि मी चिडते. म्हणून पत्र. उद्या डबे परत पाठवतेय, त्यातल्या अळूवड्यांच्या डब्यात ठेवलंय.

बंगळुरूला नाही म्हटलं. आज दुपारी मेल केला. झालं.

बाबा, लगेच कॅलेंडरच्या पाठीमागचा हिशोब काढू नका, तो मला पाठ आहे. पगार दीडपट, अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी सोडताना मिळतेच, पीएफ तिकडे वळवता येतो. सगळं बरोबर. पण त्या दीडपटीतला मोठा हिस्सा शेअर्सचा. ते चार वर्षांत थोडे थोडे मिळणार, आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत निघाले तर एकही नाही. जॉइनिंग बोनससुद्धा वर्षाच्या आत सोडलं की परत करायचा. कंपनी बाजारात येईल तेव्हा त्या शेअर्सना भाव, आणि ती कधी येणार हे खुद्द त्यांनाही सांगता येत नाही. शिवाय छोटीची चौथी मध्येच मोडायची, ह्यांची नोकरी इथे. माझं इथे खरंच बरं चाललंय. साहेब समजून घेतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकचीही सवय झालीय, जाता-येता अख्खं कीर्तन ऐकून होतं. (आई, हसू नकोस, हल्ली ऐकते.)

तर तुमच्यामुळे नाही. मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही दोघं नेमकं तेच धरून बसणार.

विम्याचं सांगून टाकते, नाहीतर बाबा शोधून काढतीलच. इथल्या कंपनीच्या पॉलिसीत तुम्ही दोघं आहात. मार्चमध्ये स्टेंट टाकला तेव्हा आपण वरचे किरकोळ पैसे भरून घरी आलो, ते त्यामुळे. तिकडच्या पॉलिसीत आई-वडील नाहीत. बाहेरून घ्यावी तर एकाहत्तराव्या वर्षी, स्टेंटनंतर, आधी कोणी देणार का, आणि दिली तरी असलेल्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. बाबांचं आयुष्मानचं वयवंदना कार्ड आहे, पाच लाखांचं. पण ते सत्तरीनंतर, आणि आईला अजून चार वर्षं आहेत. हे सगळं मी बघितलं. बघितलं एवढंच, त्यावरून ठरवलं नाही.

बाबा, एक कबुली. त्या रात्री रिपोर्ट शोधताना लाल फाईल उघडली. नाशिकचं पत्र आहे त्यात, १९९६ चं. घडीवर फाटलंय, वर चिकटपट्टी लावलेली, आणि तीही पिवळी पडून सुटायला आलीय. कितीदा उघडलंत हो? मला तर तुम्ही सांगितलं होतंत, ती जागा दुसऱ्या कुणाला दिली म्हणून. मी सात वर्षांची. चेतकवर पुढे उभी, आरसा धरून, तुमची हनुवटी माझ्या डोक्यावर. सारसबागेपाशी मला रस पाजलात, स्वतः घेतला नाहीत, म्हणालात दात दुखतोय. आजी तेव्हा आतल्या खोलीत होती. तिलाही तुम्ही तेच सांगितलं असणार, जागा भरली म्हणून.

मी काही विचारत नाहीये. फक्त मला ओरडू नका.

आता ऐका. दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, मग दाताच्या. तळजाईला उजाडल्यावरच जायचं आणि मोबाइल बरोबर न्यायचा, घरी चार्जिंगला लावून ठेवायला नाही घेतलेला. आई, भाजीसाठी तीन जिने उतरू नकोस, दोरीला पिशवी बांधून सोड, लाजायचं काय त्यात? शनिवारी बाथरूममध्ये दांडी बसवायला माणूस येतोय. त्याला ‘आम्ही काय म्हातारे झालो का’ म्हणून परत पाठवलंत तर मी दोन दांड्या बसवीन.

कट्ट्यावर बंगळुरूचं सांगून झालंच असेल. मग आता सांगा, पोरीने स्वतःहून नाकारली. ते ऐटीत म्हणता येतं.

रविवारी येतेय, छोटीला घेऊन. आई, साबुदाणा भिजव, पण माझ्यासाठी म्हणून तूप वाढवू नकोस, बाबा माझ्या ताटातलं खातात ते मला माहीत आहे. आणि बाबा, रागावलात की तुम्ही बेल वाजली तरी पेपरमधून मान वर काढत नाही. या वेळी दार तुम्ही उघडा. आईने उघडलं तर मी समजेन.

तुमची,
चिऊ