अंतराळप्रेरित संगीताचे श्रवणसत्र : सभासदांसाठी स्मरणपत्र

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, अंतराळातून प्रेरणा घेतलेल्या संगीताच्या इतिहासावरील श्रवणसत्र येत्या रविवारी सायंकाळी ठीक सहा वाजता सुरू होईल.

सुरुवात खगोलशास्त्रज्ञ केप्लरपासून होईल. सूर्याजवळ आणि सूर्यापासून दूर असताना ग्रहांच्या कोनीय वेगात पडणाऱ्या फरकावरून त्याने 1619 च्या ग्रंथात प्रत्येक ग्रहाला स्वरपंक्ती दिली होती. ती वाजवून दाखविली जाईल. त्यानंतर इंग्रज संगीतकार होल्स्टची 1914 ते 1917 या काळातील ‘द प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना ऐकू. तिची मूळ प्रेरणा खगोलशास्त्राची नसून फलज्योतिषाची आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. तिच्यातील ‘नेपच्यून’ या शेवटच्या भागात स्त्रियांचा गायकवृंद शेजारच्या खोलीत असतो आणि दार हळूहळू बंद होत जाऊन आवाज विरतो. त्यामुळे हा भाग संपेपर्यंत कोणीही उठू नये व भ्रमणध्वनी बंद ठेवावेत, ही आग्रहाची विनंती.

1962 चे ‘टेलस्टार’ हे वाद्यसंगीत आणि अपोलो 11 च्या उड्डाणाआधी काही दिवस प्रसिद्ध झालेले इंग्रज गायक डेव्हिड बोवीचे ‘स्पेस ऑडिटी’ हे गीत धावते ऐकविले जाईल. ती बहुतेकांच्या परिचयाची आहेत.

सर्वाधिक वेळ केसरबाई केरकर यांच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीसाठी राखला आहे. 1977 मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर ती आहे. ज्यांच्याकडे केसरबाईंच्या जुन्या ध्वनिमुद्रिका असतील, त्यांनी त्या अवश्य आणाव्यात आणि तसे चिटणिसांना शुक्रवारपर्यंत कळवावे.